शिंगराचा रंग आला कुठून? जन्मल्यापासून केस झडेपर्यंत टप्प्याटप्प्यानं कसं ओळखायचं

आमची घोडी कुमैत, म्हणजे अंग तपकिरी आणि आयाळ-शेपूट-पाय काळे. वळू पण कुमैतच, डोळ्यासमोर लावलेला. अकरा महिन्यांनी घोडी व्याली आणि शिंगरू निघालं सगळं लाल, आयाळीसकट लाल, ज्याला आमच्याकडची जुनी माणसं सुरंग म्हणतात. झालं, गल्लीत बोलणं सुरू, "वळू बदलून दिला असंल", "घोडी रात्री सुटली असंल". वडील तर वळूवाल्याला फोन लावायला निघाले होते. मी म्हणलं थांबा, आधी हिशोब करू. हिशोब केला तर निघालं की दोन कुमैतांच्या पोटी लाल शिंगरू येणं अगदी सरळ गोष्ट आहे, त्यात कुणाची चोरी नाही की घोडीचा दोष नाही. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागं लागलोय, आणि नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत, जिथं घोड्यांचा बाजार भरतो, दरवर्षी कुणीतरी हेच विचारतं, म्हणून सगळं एकदा बैजवार लिहून काढतो. लांबलंय, पण शिंगरू घरात असंल तर पुरं वाचा.

सगळ्यात आधी: रंग नंतर, जीव आधी

शिंगरू जमिनीवर पडलं की पहिल्या तासाभरात उभं राहायला पाहिजे, दोन तासांत थानाला लागून चीक प्यायला पाहिजे, आणि पहिल्या दिवसात काळी चिकट लीद टाकायला पाहिजे. हे तीन झाल्याशिवाय रंगाकडं बघूच नका. एक गोष्ट मात्र रंगाशी जोडलेली आहे. शिंगरू पूर्ण पांढरं निघालं, आई-बापात अमेरिकन पेंट जातीचं रक्त आहे, आणि लीद होईना, पोट दुखून लोळायला लागलं, तर डॉक्टरला लगेच बोलवा. त्या जातीत फ्रेम ओव्हेरो नावाचा एक पांढऱ्या डागाचा प्रकार असतो, तो आईकडून पण आला आणि बापाकडून पण आला तर आतड्यातल्या नसा तयारच होत नाहीत आणि शिंगरू काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत दगावतं. मारवाडी, काठियावाडी, भीमथडी यांच्यात प्रत्येक पांढरं शिंगरू बघून घाबरायचं कारण नाही, पण परदेशी रक्ताचा वळू लावला असंल तर हे माहीत पाहिजे.

पहिल्या दिवशीचे फोटो

शिंगरू वाळलं की सकाळच्या उन्हात फोटो काढा. दोन्ही बाजूनं, समोरून, मागून, आणि चारही पाय खुरापासून गुडघ्यापर्यंत वेगवेगळे. मग जवळून डोळ्याच्या पापण्या, कानाची आतली बाजू, नाकाची कातडी, मांडीच्या आतली कातडी, आणि वरून पाठीची रेघ. ट्यूबलाईटखाली काढू नका, पिवळा दिवा असला की कुमैत आणि सुरंग सारखेच दिसतात. हे फोटो जपून ठेवा, कारण तीन-चार महिन्यांनी जन्माचे केस झडतात आणि खालून भलताच रंग निघतो, आणि तेव्हा "जन्मला तेव्हा कसा होता" हे कुणालाच नीट आठवत नाही.

शिंगराचा रंग फसवा असतो तो कसा, ते सांगतो. कुमैत शिंगराचे पाय काळे नसतातच, ते फिके, उंदरासारखे राखी असतात, काळा रंग केस झडल्यावर येतो. मुश्की म्हणजे काळा होणारा घोडा लहानपणी बऱ्याचदा धुरकट करडा असतो. आणि जे शिंगरू जन्मतःच गडद, पायापासून काळंभोर दिसतं ते पुढं जाऊन पांढरं व्हायची शक्यता चांगली असते, त्याचं पुढं येतंच. डोळे पण सुरवातीला निळसर-राखी असू शकतात, काही आठवड्यांत तपकिरी होतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात "निळ्या डोळ्याचं आहे" म्हणून सौदा करू नका.

मूळ रंगाचा हिशोब, चिठ्ठ्यांनी

घोड्याचे रंग किती का दिसंनात, मुळात दोनच रंगद्रव्यं आहेत, काळं आणि लाल. बाकी सगळी त्यांची करामत. समजायला असं धरा की प्रत्येक घोड्याच्या खिशात एकेका गोष्टीच्या दोन चिठ्ठ्या आहेत, एक आईनं दिलेली, एक बापानं. शिंगराला तो त्यातली एकच देतो, कुठली ते नशिबावर.

पहिल्या चिठ्ठीचं नाव एक्स्टेन्शन. तिच्यावर "काळा" किंवा "लाल" लिहिलेलं असतं. एक जरी "काळा" असली तरी घोड्याच्या अंगात काळा रंग तयार होतो. दोन्ही "लाल" असल्या तरच घोडा सुरंग. म्हणजे लाल घोड्याच्या खिशात दुसरं काही लपलेलंच नसतं, तो फक्त लालच देऊ शकतो. म्हणून लाल घोडी आणि लाल वळू यांचं शिंगरू कुमैत किंवा मुश्की होऊ शकत नाही, कधीच नाही, आणि झालं तर तिथं मात्र वळूची चौकशी करायला हरकत नाही. 1996 साली या चिठ्ठीचा जीन सापडला आणि तेव्हापासून हे टेस्ट करून सांगता येतं.

दुसरी चिठ्ठी अगुटी. ती काळा रंग कुठं ठेवायचा ते ठरवते. एक जरी अगुटी असली तर काळा फक्त आयाळ, शेपूट, पाय आणि कानाच्या कडांना, म्हणजे कुमैत. एकही नसली तर काळा सगळ्या अंगभर, म्हणजे मुश्की. आणि गंमत इथं आहे की लाल घोड्यात काळा रंगच नसल्यामुळं ही दुसरी चिठ्ठी दिसत नाही, आत गपचूप बसून राहते. म्हणून लाल घोडी आणि मुश्की वळू यांना कुमैत शिंगरू झालं तर चक्रावू नका, अगुटी घोडीनं दिली.

आता आमच्या घरचा हिशोब. घोडी कुमैत, पण तिच्या खिशात एक "काळा" आणि एक "लाल". वळूचं पण तसंच. दोघांनी "काळा" दिला तर काळा रंग आला, एकानं काळा आणि एकानं लाल दिला तरी काळा रंग आला, दोघांनी लाल दिला तर सुरंग. चार शक्यतांत एक, म्हणजे 25 टक्के. आणि 25 टक्के म्हणजे चार वेतांत एकदाच असं नाही हां, हा घोळ लई जण करतात. प्रत्येक वेताला चिठ्ठ्या नव्यानं उचलल्या जातात, त्यामुळं लागोपाठ दोन लाल पण होतील किंवा सहा वेतं एकही होणार नाही. घोडीची आई किंवा वळूचा बाप लाल होता का एवढं विचारलं तरी अर्धं कोडं सुटतं. आमच्या घोडीची आई लाल होती, ते वडलांनाच आठवलं, आणि फोन राहिला.

रंग फिका करणाऱ्या चिठ्ठ्या

क्रीम नावाची एक चिठ्ठी आहे. ती एक असली तर लाल घोडा सोनेरी होतो आणि आयाळ पांढरट, तो पालोमिनो. कुमैत घोडा पिवळसर होतो आणि आयाळ काळीच राहते, आपल्याकडं त्याला समंद म्हणतात. मुश्कीवर मात्र एका क्रीमचा परिणाम जवळजवळ दिसतच नाही, आणि हाच घोडा पुढं सगळ्यांना कोड्यात टाकतो, कारण काळ्या घोड्यापासून अचानक सोनेरी शिंगरू निघतं. क्रीम दोन आल्या तर घोडा पार फिका साय-रंगाचा, कातडी गुलाबी, डोळे फिके निळे, आणि हे निळे डोळे मोठेपणी तसेच राहतात. दोन पालोमिनो एकत्र केले तर 25 टक्के लाल, 50 टक्के पालोमिनो, 25 टक्के दुहेरी क्रीम. खात्रीनं पालोमिनो पाहिजे असंल तर मूळ रंग लाल असलेला दुहेरी क्रीमचा घोडा लाल घोडीला लावा, प्रत्येक शिंगरू पालोमिनोच होईल, फक्त त्या दोघांत सब्जाची, म्हणजे वयाबरोबर पांढरा करणारी, चिठ्ठी नको.

दुसरा प्रकार डन. काठियावाडी घोड्यांत तो चांगला दिसतो. अंग मातकट होतं, पाठीवर आयाळीपासून शेपटापर्यंत गडद रेघ, गुडघ्यावर आडवे पट्टे. आता इथं फसू नका, कारण साध्या कुमैत शिंगराच्या पाठीवर पण जन्मतः पुसट रेघ असते आणि पहिले केस झडले की ती जाते. डनची रेघ कडेनं रेखीव असते आणि जात नाही. म्हणून समंद आणि डन यांचा निवाडा चार महिन्यांच्या आत करूच नये असं माझं मत.

सब्जा, म्हणजे पांढरा होत जाणारा घोडा

यावर जरा थांबतो, कारण वरातीच्या धंद्यामुळं आमच्याकडं सगळ्यात जास्त पैसा याच रंगात फिरतो आणि सगळ्यात जास्त फसवणूक पण इथंच.

सब्जा घोडा पांढरा जन्मत नाही. तो काळा, लाल, कुमैत, कसाही जन्मतो आणि मग दरवर्षी पांढरे केस वाढत जातात. आधी लोखंडी करडा, मग अंगावर रुपयाएवढे गोल ठिपके, आणि साधारण सहा ते आठ वर्षांचा होईपर्यंत पांढरा. काहींच्या अंगावर नंतर बारीक तांबडे ठिपके उठतात. कातडी मात्र आत काळीच. खंडोबाच्या घोड्याला आपण निळा म्हणतो, तो काळ्या कातडीवरच्या पांढऱ्या केसांच्या निळसर झाकेवरून म्हणत असावेत असं मला नेहमी वाटतं. सकाळी धुतलेला तरुण सब्जा उन्हात उभा केला की ती झाक दिसते, बघा एकदा.

ही चिठ्ठी एक जरी असली तरी काम करते, आणि लपून बसत नाही. याचा अर्थ दोन गोष्टी. सब्जा शिंगराच्या आई-बापात एक तरी सब्जा असायलाच पाहिजे, आजोबा सब्जा होता पण आई-बाप दोघंही म्हातारपणापर्यंत कुमैतच राहिले तर नातू सब्जा होणार नाही. आणि सब्जा वळूच्या खिशात एकच चिठ्ठी असंल तर रंगीत घोडीपासून निम्मी शिंगरं सब्जा होतील, दोन असतील तर सगळीच. त्यामुळं वळूवाल्याला "पांढरा आहे का" विचारू नका, "याची आतापर्यंतची शिंगरं किती पांढरी झाली आणि किती रंगीत राहिली" हे विचारा. एक जरी रंगीत राहिलं असंल तर त्याच्याकडं एकच चिठ्ठी आहे.

लहानपणी ओळखायचं कसं? तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस झडायला लागले की डोळ्याभोवती बघा. चष्मा घातल्यासारखे पांढरट केस गोल दिसले तर ते सब्जा होणार. टॉर्च तिरपा मारून केस उलटे फिरवले की लवकर दिसतं. पापण्यांत, कपाळावर, कानामागं पण शोधा. पाय जन्मापासून काळेभोर असतील तर शंका अजून पक्की.

सब्जा चिठ्ठीचं कारण 2008 साली कळलं, जीनचा एक तुकडा दोनदा छापला गेलाय. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे या घोड्यांना कातडीच्या गाठी होतात, मेलानोमा. पंधरा वर्षांवरच्या सब्जा घोड्यांत दहातल्या सात-आठांना त्या असतात, शेपटाखाली, गुदाभोवती, ओठात, मानेजवळ. बऱ्याच हळू वाढतात, पण खरारा करताना शेपूट उचलून दर महिन्याला हात फिरवा आणि वाटाण्याएवढी असतानाच डॉक्टरला दाखवा.

जन्मतः पांढरा: नुकरा, अबलख, पंचकल्याणी

मुश्की, कुमैत, समंद, अबलख, नुकरा हे सगळे फारसी-अरबी वळणाचे शब्द, आणि निजामाच्या मुलखात वाढलेल्या आमच्या आज्यांच्या तोंडी ते सहज असायचे. आता पोरं सगळ्याला व्हाईट आणि ब्राऊन म्हणतात आणि मग व्यवहारात घोळ होतो, कारण नुकरा आणि सब्जा दोन्ही पांढरे दिसले तरी वेगळी जनावरं आहेत. नाकाची आणि मांडीच्या आतली कातडी बघा, काळी तर सब्जा, सगळीच गुलाबी तर नुकरा. मग डोळे बघा. गुलाबी कातडी, फिके निळे डोळे आणि साय-रंगाचं अंग म्हणजे बहुतेक दुहेरी क्रीम. गुलाबी कातडी, अंग दुधासारखं आणि डोळे काळे म्हणजे किट नावाच्या जीनमधला बदल. दोघांना बाजारात नुकराच म्हणतात, पण वंशाला लावताना हिशोब वेगळा. दुहेरी क्रीमवाला प्रत्येक शिंगराला एक क्रीम देतोच. किटवाला साधारण निम्म्यांना पांढरं देतो, आणि त्यातल्या काही प्रकारांत दोन्हीकडून तीच चिठ्ठी आली तर गर्भ टिकत नाही असं मानलं जातं, म्हणून नुकरा-नुकरा जोडी लावायच्या आधी टेस्ट केलेली बरी.

अबलख म्हणजे अंगावर पांढरे आणि रंगीत मोठे पट्टे असलेला घोडा, त्यात आपल्याकडं जास्त दिसतो तो टोबियानो. पांढरा पट्टा पाठीवरून आडवा उतरतो, पाय पांढरे, कडा गुळगुळीत, तोंड बहुतेक रंगीत. ही पण न लपणारी चिठ्ठी, आई-बापात एक तरी अबलख पाहिजे. सॅबिनो प्रकारात कडा फाटक्या कागदासारख्या, पांढरा पायावरून पोटाकडं चढतो, तोंडावर रुंद पट्टा. स्प्लॅश प्रकारात शिंगरू खालून चुन्यात बुडवल्यासारखं दिसतं, डोळे निळे, आणि यातली काही बहिरी असतात. शिंगराच्या मागं, त्याला दिसणार नाही असं उभं राहून बादली वाजवा, कान फिरतात का बघा. बहिरं असलं तरी चांगलं काम करतं, फक्त त्याच्या मागून अचानक हात लावायचा नाही आणि बँडच्या गर्दीत नवख्या माणसाच्या हाती द्यायचं नाही.

पंचकल्याणीबद्दल, म्हणजे चार पाय आणि तोंड पांढरं, मला कायम विचारतात की आई पंचकल्याणी आहे तर पिल्लू पण होईल का. होईल पण, नाही पण. गर्भात रंगाच्या पेशी पाठीकडून निघून खाली पायाकडं आणि तोंडाकडं सरकत जातात, जिथं पोचल्या नाहीत तिथं पांढरं राहतं, म्हणून पांढरं नेहमी टोकाला असतं, खुराजवळ आणि कपाळ-नाकावर. किती पोचतील यात वंश पण आहे आणि योगायोग पण. क्लोन केलेल्या घोड्यांत जीन सगळे तेच असूनसुद्धा पायातले मोजे आणि कपाळावरचा चांद हुबेहूब जुळत नाहीत. लाल घोड्यांत पांढरं कुमैतापेक्षा जास्त असतं आणि मागच्या पायांत पुढच्यापेक्षा जास्त. म्हणून कपाळावरचा चांद आई-बापात नाही एवढ्यावरून बाप खोटा ठरवू नका.

आणि भोवरे, देवमण म्हणजे गळ्यावरचा भोवरा, बारका चांद, तीनच पाय पांढरे, यांच्या शुभ-अशुभाबद्दल. बाजारात त्यावर भाव पडतो हे खरंय, मी स्वतः विकताना सोसलंय. पण त्या खुणेचा पळण्याशी, स्वभावाशी, दुधाशी काही संबंध मला तरी वीस-बावीस जनावरांत दिसला नाही. अशा खुणेपायी चांगली घोडी कसायाच्या दावणीला गेलेली बघितली की जीव तुटतो. विकत घेणाऱ्यानं पाय, खूर, दात आणि दम बघावा, आणि अशी घोडी कमी भावात मिळत असंल तर आनंदानं घ्यावी.

विचित्र डाग

कधी अंगावर तांदळाएवढे पांढरे ठिपके उठतात, येतात-जातात, निरुपद्रवी. लाल किंवा पालोमिनो घोड्यावर काळपट शिंतोडे उठतात, तेही तसेच. वाघासारखे उभे पट्टे असलेलं शिंगरू फार दुर्मिळ, झालं तर भरपूर फोटो काढा. पण नवीन पांढरा डाग मोठेपणी एकाच जागी आला तर तो बहुतेक वंशाचा नसतो, खोगीर लागून, दावण घासून किंवा जखम भरून आलेला असतो. गोल, कडा खवल्यांच्या आणि केस गळणारा डाग म्हणजे नायटा, तो इतर जनावरांना आणि पोरांना पण लागतो.

एकदा एका बाजारात मी एक काळा घोडा बघितला, तोंड मुद्दाम काळं रंगवलेलं. ओला पांढरा रुमाल घेऊन पाय, तोंड आणि पोट घासून बघा, मांडीच्या आतल्या केसांची मुळं बघा, रंग लावणारा तिथं पोचत नाही. माळेगावला मार्गशीर्षात थंडी असते, केस दाट असतात, म्हणून मुळापर्यंत बोटानं केस बाजूला करून बघायचं.

टेस्ट कधी करायची

सगळ्यांना गरज नाही. वळू ठेवायचा असंल, महागाचा सौदा असंल किंवा बापाबद्दल खराच वाद असंल तर करा. आयाळीतले किंवा शेपटीतले वीस-तीस केस मुळासकट उपटायचे, कापायचे नाहीत, कारण डीएनए मुळाच्या गाठीत असतो. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम धरतो. बाप ठरवायला रंगाची टेस्ट पुरत नाही, आई, शिंगरू आणि वळू तिघांचे नमुने देऊन पितृत्वाची वेगळी टेस्ट मागा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नमुना कसा घ्यायचा आणि कुठं पाठवायचा ते आधी तिथं जाऊन विचारा. घोड्यांवर काम करणारं राष्ट्रीय केंद्र हरियाणात हिसारला आहे.

गुलाबी कातडीची काळजी

मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात नुकरा, दुहेरी क्रीम आणि पांढऱ्या तोंडाच्या शिंगराचं नाक भाजतं, सोलतं. दुपारी सावली, आणि नाकावर, डोळ्याभोवती झिंक ऑक्साईडचं मलम. पावसाळ्यात उलटं, काळ्या मातीचा चिखल पांढऱ्या पायाला चिकटून राहिला की खुरावरच्या खोबणीत खपल्या धरतात, रोज संध्याकाळी धुऊन नुसतं सोडू नका, कोरडं पुसा. आणि पांढरा खूर कच्चा असतो म्हणतात त्याकडं लक्ष देऊ नका, खुराची मजबुती रंगावर नसते, चालीवर, नाल मारणाऱ्यावर आणि खाण्यावर असते.

आमची कुमैत घोडी आता सब्ज्या वळूकडून गाभण आहे. वळूची पाच शिंगरं मी जाऊन बघितली, दोन रंगीत राहिलीत, म्हणजे त्याच्याकडं चिठ्ठी एकच, आणि आमच्या घरी पांढरं व्हायची शक्यता निम्मी. दिवस भरत आलेत, टॉर्च चार्ज करून दाराशी टांगून ठेवलाय.